गंगाफळाची पहिली चीर

अक्का,

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. शेजारपाजारच्या बायका येऊन बसतात, तुझा विषय निघतो, मी रडते. पण खरं सांगू? रडू कमी आणि भीती जास्त, असं चाललंय माझं. ही भीती सोळा वर्षांची जुनी आहे आणि इतकी वर्षं मी ती तुझ्यापासूनच लपवत आले. तुला एकदा सगळं सांगून टाकायचं असं कितीदा ठरवलं. शेवटचं जळगावला दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही ठरवूनच आले होते. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "गॅस बंद करीसन उनी ना व?" तशा आजारपणातही माझ्या गॅसची काळजी! मला हसू आलं, तुलाही आलं, आणि सांगायचं ते राहून गेलं.

आता सांगते. ऐकायला तू नाहीस म्हणूनच धीर होतोय, हेही तुला ओळखता येईल.

मी भित्री भागूबाई. तुला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. लग्न होऊन दीपनगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला कशाची म्हणून भीती वाटायची नाही? कुकरच्या शिट्टीची, पालीची, वेळ नसताना वाजलेल्या भोंग्याची. भोंगा वाजला की आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका पदर खोचून तुझ्या दारात. तू प्लँटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तेव्हा बातमी आधी तुझ्याकडे. तिथे फोनवर तुझं बोलणं असं की पुण्याची बाई वाटावी, आणि घरी आलीस की साक्रीकडची अहिराणी. "काही व्हत नही. चाचणी शे ती. घर जा, भाकरी करा." तू एवढं म्हटलंस की आमचे जीव भांड्यात पडायचे. मी तुला 'अहो अक्का' म्हणायचे. तूच एक दिवस दटावलंस, "मी काय तुनी सासू शे का? तू म्हन." तेव्हापासून तू.

आणि मग ते मॅकरोनीचं प्रकरण झालं. आठवतं ना? महिला मंडळात एका साहेबांच्या बाईंनी चीज घातलेली मॅकरोनी करून दाखवली. पितृपक्ष, नवरात्र उरकलेलं, सकाळी अंगावर शाल घ्यावी अशी हवा सुटलेली. त्यांनी वाटीवाटी सगळ्यांना चाखायला दिली. मला पाचवा महिना होता, कशावर वासना जात नव्हती, आणि त्या गरम मऊ घासानं मला एकदम बरं वाटलं. आमच्या ह्यांनी भुसावळहून पाकीट आणलं, चीजचा डबा आणला. आणि मी काय केलं? मॅकरोनी साबुदाण्यासारखी आदल्या दिवशी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पातेल्यात खळ तयार! तू झाकण उचलून पाहिलंस आणि इतकी हसलीस की तुला भिंत धरावी लागली. "पोस्टर चिकटाडाले चांगली शे," म्हणालीस.

ह्यांनी दुसरं पाकीट आणलं, पण तोवर निम्मं चीज ब्रेडला लावून त्यांनीच संपवलं होतं. मी रडकुंडीला आले. तू घरात इकडे तिकडे पाहिलंस. कोपऱ्यात माझ्या माहेराहून, रावेरकडून आलेलं गंगाफळ होतं, साहेबांच्या बाई ज्याला लाल भोपळा म्हणत ते, चांगलं पाटाएवढं. "हाई टाकी देऊत," तू म्हणालीस, "रंग ते तोच शे."

मी गंगाफळाकडे पाहिलं आणि मागे सरकले. आमच्याकडे अख्ख्या गंगाफळाला पहिली चीर बाईनं द्यायची नसते. ती पुरुषानं द्यायची, पुढे बाईनं काय हवं ते करावं. माझी आई सांगायची, "बाईच्या जातीनं त्याले सुरी लावू नही. थोरल्या पोरावर येतं." गरोदर बाईनं तर कापताना पाहूसुद्धा नये. आणि आमचे हे फर्स्ट शिफ्टला गेलेले, रांगेत एकही बाप्या घरात नाही.

मी हे सगळं तुला अडखळत सांगितलं. तू सुरी उचललीस. "आमनामा आसं काही नही ऱ्हास," म्हणालीस. तुमचं घर बौद्ध, तुझ्या वडिलांनी असलं सगळं कधीच सोडून दिलेलं, हे मला माहीत होतं. "गंगाफयले काय दात शेतस का? तू तोंड फिराव." मी तोंड फिरवलं. मागच्या ओट्यावर खाडकन आवाज झाला, आणि कच्च्या काकडीसारखा वास आला.

आता ऐक. तू समजलीस की मी तुझ्या हातात सुरी दिली ती तू मानत नाहीस म्हणून. मी दिली, कारण मी मानत होते. चीर कुणीतरी दिली की येणारं येणारच, अशी माझी खात्री होती. फक्त ते माझ्या पोटातल्यावर येऊ नये. तुझा आनंद तेव्हा सहा वर्षांचा होता, थोरला आणि एकुलता एक. तो समोरच अंगणात गोट्या खेळत होता. मला तो दिसत होता, अक्का. तोंड फिरवलं तेव्हा माझं तोंड त्याच्याकडेच झालं होतं.

मॅकरोनी मात्र झकास झाली. गंगाफळ कुकरला लावून रवीनं घोटलं, मैदा लोण्यावर परतून दूध ओतलं, उरलेलं चीज किसून घातलं. त्यावर तू लसूण आणि लाल मिरचीची फोडणी ओतायला निघालीस तेव्हा मी तुझा हात धरला. साहेबांच्या बाईंनी फोडणी दिली नव्हती! आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि सोळा वर्षांत ते मिटलं नाही. "बिगर फोडनीनं जेवन म्हंजे दवाखानानं जेवन," हे तुझं, आणि "चीजला लसूण म्हणजे जावयाला धोतराऐवजी पोतं," हे माझं. शेवटी आपण निम्मी फोडणीची, निम्मी साधी करायचो. चोरून मी तुझ्याच निम्म्यातली खायचे. हेही आज कबूल.

ते दिवाळीच्या आधीचे थंडीचे रविवार मला आयुष्यभर पुरतील. क्वार्टरांच्या मागच्या भिंतींवर वेल पसरलेले, पानांवर प्लँटची राख बसलेली, तू गंगाफळ नळाखाली धरून म्हणायचीस, "याले बी पावडर लागनी." पहिला घास जिभेवर ठेवला की माझ्यासारख्या बाईलासुद्धा घटकाभर कशाचं भय उरायचं नाही. हे तू मला दिलंस.

पण त्या प्रत्येक रविवारच्या आधी एक आवाज असायचा, खाडकन. बातमी रांगेत पसरली होती. गंगाफळ कापायचंय आणि नवरा ड्युटीवर? अक्काला बोलवा. तू जायचीस. काहीजणी तुझ्या हातचा चहाही घेत नव्हत्या, मागच्या दारानंच तुला ओट्यावर बोलवायच्या, पण तुझ्या हातची पहिली चीर त्यांना चालायची. मला त्यांचा राग यायचा. तुझ्यादेखत मी एकदा तसं बोललेही. केवढी शहाणी मी! त्या तरी तुझ्यापासून अंतर राखून होत्या. मी तुझ्या ताटात जेवून तुझ्या खांद्यावर बंदूक ठेवत होते.

आनंदला कावीळ झाली ते वर्ष आठव. माझा योगेश तेव्हा तीन वर्षांचा, त्याला तापातून उठल्यावर मॅकरोनी हवी होती. रविवारी तू येऊन कापून गेलीस. बुधवारी आनंदचे डोळे हळदीसारखे पिवळे. मी चौकट धरून उभी राहिले. तू मला म्हणालीस, "आवं, तू काय घाबरस? पोऱ्या मना आजारी शे का तुना?" रांगेत आणखी चार पोरांना कावीळ होती, पाणी खराब आलं होतं, डॉक्टर सांगत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. मी रोज उसाचा रस घेऊन तुझ्याकडे यायचे आणि तू स्वयंपाकघरात गेलीस की त्याच्या उशाशी मूठभर मीठ ओवाळून पदरात बांधायचे. तुझ्या घरात हे चालत नाही हे माहीत असून. एकदा आनंदनं डोळे उघडून पाहिलं. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यानं तुला कधी सांगितलं का, ठाऊक नाही.

तो बरा झाला. आणि पुढच्या वर्षी थंडी पडली तेव्हा मी पुन्हा भिंतीवरून तुला हाक मारली. ह्याला मी काय नाव देऊ, अक्का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीचा राक्षस मी दर वर्षी तुझ्या घरी पाठवत होते.

एकदाच विचारलं होतं मी तुला. "तुला खरंच भीती नाही वाटत?" तू सुरी पुसत होतीस. म्हणालीस, "कसानं भ्याव?" आणि विषय बदललास. मला वाटलं, काय हे काळीज! मी तुझा हेवा केला. मनात असंही आलं की जिला भीतीच नाही तिच्यावर ओझं टाकलं तर कुठे बिघडलं. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं निवांत घालवली.

परवा रविवारी, हे ड्युटीवर असताना, आनंद आला. नरडाण्याला कारखान्यात लागलेला तुझा मुलगा आता केवढा उंच झालाय, दारातून वाकून आत येतो. तुझं पुण्यानुमोदन झालं, आता क्वार्टर सोडायचं म्हणून तो सामान बांधतोय. हातात गंगाफळ होतं. "वेल काढून टाकायच्या आधी एवढं एक मिळालं, काकू. म्हटलं तुमच्याकडे द्यावं."

मी ते ओट्यावर ठेवून घेतलं. तो पाट ओढून बसला आणि हसत म्हणाला, "ह्या गंगाफळानं माझं क्रिकेट किती खाल्लंय, माहितीये तुम्हाला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आई तुमच्याकडून कापून आली की चहालासुद्धा थांबलेली नसायची. पळत घरी. आधी माझं कपाळ बघायची, मग मान, मग डोळ्याखालची कातडी ओढून बघायची. त्या दिवशी सायकल बंद, तापीवर पोहायला बंद, मॅच बंद. मी नुसता चिडायचो. कारण काही सांगायची नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात सांगितलं."

मी विचारलं, "काय सांगितलं?"

"की गावाकडे तिच्या आजीनंही तेच सांगून ठेवलं होतं. थोरल्या मुलावर येतं म्हणून. सुरी लावताना दर वेळी पोटात गोळा यायचा म्हणाली. मी म्हटलं, मग कापायचीस कशाला? तर म्हणाली..." इथे तो तुझ्याच बोलीत बोलायला लागला, अगदी तुझ्यासारखा. "'ती पोर थरथर कापे रे. आनि मी एक डाव मागे सरकनी, ते मंग बठ्ठंच मानणं पडी.'"

अक्का, मी तिथे ओट्याला टेकून बसले. तू घाबरत होतीस. माझ्याइतकीच, कदाचित जास्त, कारण तुझ्याकडे तोंड फिरवायची सोय नव्हती; एकदा मागे सरकलीस की सगळंच मानावं लागलं असतं. मला तुझा राग आला. हो, सात दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाचा राग. तुझं पोर पणाला लावून माझी मॅकरोनी? नाही म्हणायचं होतंस! एक दिवस म्हणायचं होतंस की पोरी, मलाही भीती वाटते. आपण दोघी ते गंगाफळ तसंच ठेवून वरणभात खाल्ला असता. पण मग वाटलं, तू तसं म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? दुसरी कुणी शोधली असती. मी स्वतःला ओळखते.

आनंदला मी काही सांगू शकले नाही. त्याच्याकडे बघवेना. तो आपला सहज उठला, सुरी घेतली आणि म्हणाला, "द्या काकू, मी चीर देतो. मी बाप्या आहे, नियमात बसतं."

बसत होतं. अगदी बिनघोर बसत होतं. शिवाय माझा योगेश त्याच वेळी एस.टी.त होता. धुळ्याला आत्याकडे राहून अकरावी करतो, दिवाळीच्या सुट्टीला येत होता. एक वाजेपर्यंत पोचायचा होता. मला हे माहीत होतं, मी त्याच्याच वाटेकडे कान लावून होते. तरी माझ्या तोंडून निघालं, "आण इकडे."

शौर्य वगैरे नव्हतं ते. तुझ्या घरच्या हातात आणखी एकदा सुरी द्यायची मला लाज वाटली, बस्स. मी टोक लावलं, पहिल्यांदा ते सालीवरून घसरलं. दुसऱ्यांदा आत गेलं आणि मध्येच अडकलं, ना पुढे ना मागे. आनंद पुढे झाला. मी ओरडलेच त्याच्यावर, "हात लावू नकोस!" मग दोन्ही तळहातांनी जोर दिला. खाडकन आवाज झाला. मला वाटलं होतं माझे डोळे आपोआप मिटतील, पण ते उघडेच राहिले.

मॅकरोनी केली. सगळीच फोडणीची केली. आनंद दोनदा मागून जेवला. मी दाराशी उभी राहिले. एक वाजला, दीड वाजला. दोन. योगेश नाही. एरवी गाडी चुकली, उशीर झाला की मी तुझ्याकडे यायचे, तू एक्स्चेंजमधून डेपोला फोन लावून तुझ्या त्या पुणेरी आवाजात चौकशी करायचीस. आता कुणाला सांगू? चपला घालून मी हायवेवरच्या थांब्याकडे निघाले. आनंद बरोबर आला.

तासभर उभे होतो. ट्रक जायचे, केळीच्या गाड्या जायच्या, प्रत्येक लाल गाडी दिसली की मी पुढे व्हायचे. कुठे काय झालं असेल ते सगळं मी पाहून घेतलं, अक्का, एकही सोडलं नाही. पुलावरचं, वळणावरचं. मनात म्हणत होते, मी कापलं, मीच कापलं. आणि मध्येच लख्ख कळलं की माझ्या ओट्यावरून तुझ्या दारापर्यंतची ती बारा-पंधरा पावलं तू दर वेळी अशीच चालली असशील. सोळा वर्षं. माझ्या घरात सगळे मॅकरोनीची वाट बघत बसलेले असताना.

साडेतीनला गाडी आली. टायर पंक्चर झाला होता म्हणे पारोळ्याच्या अलीकडे. योगेश पाठीवर पिशवी टाकून उतरला, हसला, आणि तो काही बोलायच्या आत मी त्याचं कपाळ चाचपलं, मानेला हात लावला, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. "काय गं आई, लोक बघताहेत," म्हणून तो मागे सरकला.

माझ्या मागे कसलासा आवाज झाला. वळून पाहिलं तर आनंद मैलाच्या दगडावर बसून रडत होता. तुला खांदा दिला तेव्हा तो रडला नव्हता, पुण्यानुमोदनाला नाही, त्या सात दिवसांत एकदाही नाही. "अस्संच, काकू," तो म्हणत होता. "अगदी अस्संच बघायची."

मी त्याच्याजवळ गेले आणि त्याचंही कपाळ पाहिलं.